बगळा आणि हादग्याचं फूल

मित्रांनो, धायरीतल्या एका अरुंद गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला मी एक जुना हादगा. सुंदराबाईंनी मला लावलं तेव्हा समोर शेतं होती आणि गुरांमागून बगळे फिरत. माझी पांढरी, बाकदार फुलं आणि ते बगळे लांबून सारखेच दिसत. पण सांजेला ते उडून जात. मी मात्र शेंगा सांभाळत इथेच उभा.

पुढे शेतांवर इमारती आल्या. माझ्या फुलांच्या भाजीचं कौतुक करणारी माणसं कमी झाली. गाड्यांवर पाचोळा पडतो, ही तक्रार तेवढी वाढली. सुंदराबाई मात्र हिवाळ्यात टोपली घेऊन येतच राहिल्या.

यंदा संक्रांत झाली आणि एक बगळा माझ्या शेंड्यावर उतरला. तिथे कुणाच्या तरी कटलेल्या पतंगाचा मांजा होता. बगळा जितका फडफडला, तितका दोरा पंखात रुतला. मग तो नुसता लोंबकळत राहिला. खालून माणसं जात-येत होती. वर पाहणाऱ्यांना फुलंच दिसली. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. इतका असहाय मी कधीच नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुंदराबाईंनी फुलांसाठी आकडी वर नेली आणि त्या थबकल्या.

"रुपाली, पळ गं! ह्ये फूल न्हाय. ह्याला डोळा हाय!"

सून धावत आली. शेजारच्या अनिरुद्धने शिडी लावली, पण तो मध्येच थांबला.

"काकू, हादग्याचं लाकूड ठिसूळ. वर चढलो तर फांदी मोडेल. ती कापूनच अलगद खाली घ्यावी लागेल. सगळा बहर जाईल हो."

सुंदराबाईंनी माझ्या खोडावर हात ठेवला.

"काप बाबा. फांदी फुटंल पुन्हा. पंख न्हाई फुटायचा."

करवत चालली. फुलांसकट बगळा सासू-सुनेने धरलेल्या चादरीत उतरला. रुपालीने कात्रीने एकेक वेढा सोडवला आणि अनिरुद्धने त्याला पक्ष्यांच्या दवाखान्यात नेलं.

संध्याकाळी अनिरुद्ध परतला. "जगेल म्हणाले डॉक्टर. उडणार मात्र नाही."

पदर खोचून, आकडी घेऊन सुंदराबाई गल्लीतल्या दुसऱ्या झाडांकडे निघाल्या. रुपालीही मागोमाग गेली. अंधार पडेपर्यंत दोघी मांजा ओढत होत्या.

मित्रांनो, पतंग कटला की तुमचा खेळ संपतो. दोरा मात्र आमच्या अंगावर राहतो, कुणाची तरी वाट पाहत. तेवढा काढून न्या.