मेजूच्या खोलीत

माझी एक किडनी धाकट्या भावाला, तेगिलला, बसवली त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. शरीराने ती झिडकारू नये म्हणून त्याची प्रतिकारशक्तीच औषधांनी निजवून ठेवलेली. साधी सर्दीसुद्धा महागात पडेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. नेमकी तेव्हाच आई गावाहून, सुनचांगहून, चोंजू शहरात त्याच्या फ्लॅटवर आली आणि तिला न्हाणीघराच्या कोपऱ्यात काळे डाग दिसले.

"बुरशी! अगं येरिम, नवरा आजारी आणि तुझ्या घरात बुरशी?"

"उद्या ब्लीचने घासते, आई," माझी भावजय म्हणाली.

"उद्या म्हणे! ऊठ रे तेगिल, घरी चल."

तेगिल हसला. "बघ ताई, किडनी तुझी, पण मालकी आईची!"

येरिमने त्याची औषधं पिशवीत भरली. एरवी मी तोंडाची फटकळ, पण मीही आईला अडवलं नाही. आईचं घर खरंच आरशासारखं असतं. दिवसातून दोनदा जमीन पुसणारी बाई ती, तिला काय सांगणार कपाळ!

तिने त्याला चुलीलगतच्या खोलीत निजवलं, कारण चुलीची धग जमिनीखालून जाते आणि तिथली जमीन सगळ्यात ऊबदार. आजाऱ्याला द्यायची ती जागा, आणि हिवाळ्यात मेजूलाही तीच. मेजू म्हणजे उकडून कुटलेल्या सोयाबीनच्या विटा; पेंढ्याने बांधून तिने त्या छताला टांगल्या होत्या. उबेला त्यांच्यावर आधी पांढरी, मग हिरवट लव चढते. ती चांगली चढली तर वर्षभराचा सोयाचा लगदा झकास होतो, म्हणून आई रोज कौतुकाने विटा फिरवायची. घरी आंबवलेलं खायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. आईने ते इमानाने पाळलं, तेगिलला बोटभरही चाटू दिलं नाही. डोक्यावर टांगू नका, असं काही कुणी सांगितलं नव्हतं.

आधी ताप आला, मग खोकला, मग थुंकीत रक्त. त्याला चोंजूच्या इस्पितळात हलवलं.

"फुप्फुसात बुरशी शिरलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "श्वासातून तुमच्या-आमच्याही रोज जाते, आपलं शरीर निस्तरतं. ह्यांचं कसं निस्तरणार? घरात कुठे बुरशी आहे?"

"माझ्या घरात? छे!" आई फणकारली. "हिचं न्हाणीघर बघा जाऊन."

मी आणि येरिम त्याचे कपडे आणायला सुनचांगला गेलो. खोलीचं दार उघडलं तर विटांच्या बरोबर खाली त्याचं अंथरूण, आणि उशीवर हिरवट पूड. लहानपणापासून आम्ही त्या वासात झोपलो, पण त्याला बुरशी म्हणायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

येरिमने उशी उचलून माझ्यापुढे धरली. "वन्सं, हेच ते."

आमची तोंडं बघूनच तेगिलने ओळखलं. नाकावरचा मास्क बाजूला करून म्हणाला, "मेजू ना? आईला सांगू नका. ती जगायची नाही."

"तू आधी जग, मग बघू!" मी खेकसले.

तो नाही जगला. औषधं दिली, पण उशीर झाला होता. माझी किडनी शेवटपर्यंत धड चालली, याचंच जास्त वाईट वाटतं. चालून उपयोग काय झाला?

अंत्यविधीच्या दालनात सगळ्या भावकीसमोर आई येरिमच्या अंगावर धावून गेली. "तुझ्या त्या घाणेरड्या घराने माझं लेकरू गिळलं!"

माणसं बघत राहिली. नवरा गेलेली बाई ती, वर हा बट्टा तिने का घ्यावा? माझ्या अगदी ओठांवर आलं. "आई, ऐक..." मी म्हटलं.

येरिमने माझा हात घट्ट दाबला. मग ती गुडघ्यांवर बसली आणि आईपुढे कपाळ जमिनीला टेकवलं.

"हो आई. माझंच चुकलं. मी तेव्हाच घासायला हवं होतं."

आईने मारायला उगारलेला हात खाली आला. ती तिथेच बसली आणि हुंदके देत म्हणाली, "घासलं असतंस ना गं, तर मी त्याला माझ्या घरी नेलंच नसतं."

तेवढं मात्र खरं होतं.