पिशवीतली बंडी

पुतळाबाईंनी खुरपं मातीत घातलं आणि मान वळवून पुन्हा एकदा रस्त्याकडे बघितलं. शिक्रापूरकडे जाणारा दुधाचा टेम्पो मघाशीच गेला होता. मुलाची, दत्ताची, कंपनीतली पाळी सुटायला अजून दोन तास होते. तरी त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. आपल्याच रानात, आपल्याच हाताने पुरलेली वस्तू उकरायची आणि चोरासारखं इकडेतिकडे बघायचं, या वयात ही वेळ यावी याचा त्यांना राग येत होता आणि लाजही वाटत होती.

हरभऱ्याच्या दोन ओळींमध्ये लाल चिंधी बांधलेली काठी रोवली होती. तिच्या बुडाशी, वीतभर खोल, त्यांच्या नवऱ्याची, सोपानरावांची बंडी होती. पुरून आज अडतीस दिवस झाले होते. काढायची होती ती साठाव्या दिवशी, सगळ्यांच्या समोर.

कल्पना गौतमीची. दौंडकडच्या कासुर्डीची ही पोर कृषी महाविद्यालयात मातीचा अभ्यास करत होती आणि स्कूटीवरून केंदूर गावची रानं पालथी घालत होती. प्रत्येकाकडे ती एकच वस्तू मागायची, शंभर टक्के सुती असं एक जुनं कापड. माती जिवंत असेल तर तिच्यातले जिवाणू ते खातात, मेली असेल तर कापड आहे तसं निघतं, इतकं सोपं गणित. एका बहाद्दराने आपली चड्डीच काढून दिली होती आणि सोसायटीच्या ओट्यावर लोक अजून त्याला तिची खुशाली विचारत होते.

पुतळाबाईंच्या घरात मात्र ही थट्टेची गोष्ट राहिली नव्हती. या एकरात पूर्वी डाळिंब होतं. मुळांना गाठी आल्या, झाडं पिवळी पडली, सोपानरावांनी बाग उपटून टाकली आणि पुढच्या वर्षी ते स्वतःही गेले. त्यानंतर दोन वर्षं पुतळाबाई या तुकड्यात खतासाठी ताग पेरून गाडत होत्या, शेणखत ओढत होत्या. रान त्यांच्या नावावर होतं. शिक्रापूरच्या पप्पू ट्रान्सपोर्टवाल्याला ते कंटेनर लावायला हवं होतं. वर मुरूम टाकायचा, रोलर फिरवायचा की झालं. दत्ताने त्याला जवळजवळ होकारच देऊन टाकला होता. राहिली होती फक्त आईची सही.

"कापड कुजलं तर मी परत मुरमाचं नाव काढणार न्हाई," दत्ता गौतमीसमोर म्हणाला होता. "जसंच्या तसं निघालं तर तू सही करायची. कबूल?"

"कबूल," पुतळाबाई म्हणाल्या होत्या.

मग त्यांनी सगळं घर धुंडाळलं. साड्या, चादरी, दत्ताचे शर्ट, सगळ्यांत कसला ना कसला भेसळीचा धागा. निव्वळ सुती म्हणावं असं घरात एकच कापड उरलं होतं, आणि ते पेटीच्या तळाशी, दवाखान्याने दिलेल्या जाड पांढऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत होतं. सोपानरावांना नेलं तेव्हा त्यांच्या अंगात होती ती बंडी. पिशवीची गाठ नर्सने मारली होती. पुतळाबाईंनी ती दोन वर्षांत सोडली नव्हती. दत्ताने एकदा विचारलं तेव्हा, "नदीला सोडली," असं त्यांनी सांगून टाकलं होतं.

गौतमीने खड्डा खणला आणि तेवढ्यात तिला फोन आला म्हणून ती बांधाकडे गेली. पदराआडची पिशवी काढून पुतळाबाई गाठ सोडायला बसल्या, आणि त्यांचा हात थांबला. माणसाच्या अंगावरचं कापड ओल्या मातीत असं उघडं टाकायचं, हे त्यांच्याने होईना. त्यांनी पिशवी तशीच खड्ड्यात ठेवली आणि वर भराभरा माती ओढली. गौतमी परत आली तोवर जागा सारखी झालेली होती.

त्या दिवशी त्यांना वाटलं, होईल काहीतरी. मातीला काय प्लास्टिक आणि काय कापड.

तीन आठवड्यांनी गौतमी पुन्हा आली, तेव्हा दत्ता घरीच होता. त्याने हरभऱ्याचं एक रोप उपटून तिच्यापुढे धरलं.

"बघा मॅडम, परत गाठी. डाळिंबाला हेच झाल्तं. ह्या मातीत आता काय राह्यलंय?"

गौतमीने मुळावरची एक गाठ नखाने फोडली. आतून ती गुलाबी होती.

"ही गाठ रोगाची नाही. डाळिंबाची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं होतं. ही बघा, बाजूला चिकटलेली आहे, बोटाने सुटते. हिच्यात जिवाणू राहतात. ते हवेतला नत्र धरून झाडाला देतात."

"फुकट?"

"फुकट कसं देतील? पान उन्हात साखर तयार करतं, त्यातला वाटा झाड मुळातून खाली सोडतं. त्यावर हे जगतात. गाठीबाहेर मातीत दुसरे असतात, पाचोळा, मुळं, कापड, सगळं कुजवून त्यातलं खत परत झाडाला मोकळं करून देणारे. देणंघेणं चालू असलं की रान चालू."

दत्ता मुळावरची दुसरी गाठ बोटाने सोडवून बघू लागला. पुतळाबाईंनी मात्र हळूच विचारलं, "त्यास्नी हवा न्हाई लागली तर?"

"मग कसं जमायचं, मावशी? त्यांनाही श्वास लागतो."

त्या दिवसापासून पुतळाबाईंना घास गोड लागेना. भाकरी थापताना तव्यावरची करपायची, गोठ्यात गेल्या की कशाला आलो ते आठवायचं नाही. बंडी पिशवीत धडधाकट निघणार, कापड कुजलं नाही म्हणून दत्ता सही मागणार, आणि रानावर मुरूम पडणार. तोही आपल्याच हाताने. आधीच खरं सांगून टाकावं, तर ती पिशवी आणि नदीचं खोटं आजच दत्तासमोर येणार. आणि या सगळ्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती, जी त्या स्वतःशीही नीट बोलत नव्हत्या. बंडी शाबूत असेल, या विचाराने त्यांना बरं वाटत होतं.

खुरप्याला पिशवी लागली. त्यांनी हाताने माती बाजूला केली. पिशवी जशीच्या तशी होती. तिच्यावर मार्करने लिहिलेलं सोपानरावांचं नाव दत्ताच्या अक्षरात अजून स्पष्ट दिसत होतं. त्यांनी दातांनी गाठ सोडली. आत ओलसर कुबट वास होता आणि त्याच्या मागून, अगदी पुसट, तंबाखूचा. बंडीच्या खिशाला चुन्याचा डाग होता. पुतळाबाई ती मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

आता सोपं होतं. बंडी घरी न्यायची, खड्डा बुजवायचा. साठाव्या दिवशी काहीच सापडलं नाही की सगळे म्हणतील, मातीने खाल्ली. रानही राहील आणि बंडीही. गुंड्या तेवढ्या तोडून आत टाकल्या की झालं. त्यांनी पहिल्या गुंडीला हातही घातला.

मग त्यांनी समोरच्या हरभऱ्याकडे बघितलं. दोन वर्षं त्यांनी या मातीत हाडं झिजवली होती. ती जिवंत आहे का मेली, हे मग त्यांना स्वतःला कधीच कळणार नव्हतं.

त्यांनी बंडीची बाही नीट सरळ केली, ती खड्ड्यात पसरली, वर ओंजळीने पाणी शिंपडलं आणि माती लोटली. पिशवी घडी करून कनवटीला लावली. घरी जाईपर्यंत त्या एकदाही थांबल्या नाहीत, कारण थांबल्या असत्या तर माघारी वळल्या असत्या.

साठाव्या दिवशी गौतमीने स्वतः उकरलं. बंडी वर आली ती अर्धीच. पाठ गेली होती, एक बाही गेली होती. खिशाची बाजू आणि दोन गुंड्या शिल्लक होत्या. भोकांमधून हरभऱ्याची बारीक पांढरी मुळं आरपार गेली होती. गौतमीने माती झटकून ती उजेडात धरली आणि तिचा चेहरा पडला.

"साठ दिवसांच्या मानाने कमी आहे, मावशी. बाकीच्या रानांत याहून जास्त गेलं होतं."

दत्ता खाली बघत होता. जिंकल्याचा आनंद त्याच्या तोंडावर नव्हता. "म्हंजी निम्मी मेली," तो म्हणाला. "आई, आपलं ठरलं हाय."

"साठ न्हाई," पुतळाबाई म्हणाल्या. "बावीस."

दोघांनी त्यांच्याकडे बघितलं. पुतळाबाईंनी कनवटीची पिशवी काढून दत्तापुढे धरली.

"अडतीस दिस ह्याच्यात व्हती. मला उघडी टाकवंना. मग मीच काढली आन् परत पुरली."

"बावीस दिवसांत एवढी? आणि तीही थंडीत?" गौतमी म्हणाली आणि घाईघाईने वही उघडू लागली. पण तिचं कुणी ऐकत नव्हतं. दत्ताने पिशवी उलगडली होती. वडील गेले त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात, भिंतीवर पिशवी टेकवून त्याने ते नाव लिहिलं होतं.

"तू म्हणली व्हतीस नदीला सोडली."

"खोटं बोलले."

त्याने त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. मग त्याने गौतमीच्या हातातून उरलेली बंडी घेतली, खाली बसून खड्ड्यात पसरली आणि दोन्ही हातांनी वर माती ओढली. पिशवीची लहान घडी करून ती त्याने कंपनीच्या शर्टाच्या खिशात घातली.

"मॅडम, राह्यलेली जायला किती दिस लागतील?"

"थंडी उतरली की महिनाभर धरा."

"मग महिन्यानं या," दत्ता म्हणाला आणि लाल चिंधीची काठी त्याने पुन्हा होती तिथे रोवली.