मंडईतलं उद्घाटन

प्रचारपत्रकाचा मसुदा जेवणाच्या टेबलावर पसरत भाऊजी म्हणाले, "सगळं झकास जमलंय, वहिनी. एक शब्द तेवढा काढूया."

"कुठला?"

"तोच तो. पहिल्या नंबरचा."

पहिल्या नंबरवर लिहिलं होतं, 'मंडईत बायकांसाठी शौचालय'. ते तिनेच लिहून दिलं होतं, आणि त्याच्या पुढे दुसरा-तिसरा नंबर द्यायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. बाकीचे सगळे नंबर भाऊजींचे. मंडईला भव्य कमान, चौकात रंगीत कारंजं, कोपऱ्याकोपऱ्यावर कॅमेरे.

"त्या शब्दाचं काय वाकडं आहे?"

"अहो, वर तुमचा हसरा फोटो, शेजारी आपल्या पक्षाच्या साहेबांचा हात हलवतानाचा फोटो आणि लगेच खाली शौचालय! साहेब तिथूनच बाहेर आल्यासारखे वाटतात."

"मग साहेबांचा फोटो काढा."

भाऊजी मोठ्याने हसले. वहिनी विनोद करतात असा त्यांचा पहिल्यापासून समज होता. "त्यापेक्षा शेवटी 'महिलांचा सन्मान' टाकू. सन्मानात सगळं येतं."

"सन्मानाला दार असतं का, भाऊजी? आतून कडी असते?"

आता ते हसले नाहीत.

मंडईच्या मागच्या गल्लीतल्या दवाखान्याच्या लॅबमध्ये ती इतकी वर्षं काम करत होती, की तिचं नाव विसरून सगळे तिला 'लॅबवाल्या ताई' म्हणत. मंडईतल्या बायकांच्या लघवीच्या बाटल्या तिच्याच टेबलावर यायच्या. सूक्ष्मदर्शकाखाली दरवेळी तेच दिसायचं. पू, रक्त, जंतू. डॉक्टर औषध द्यायचे, बाई बरी व्हायची आणि काही दिवसांनी पुन्हा बाटली घेऊन दारात उभी. "पाणी भरपूर प्या," ती सांगायची. एकदा लिंबूवाली मावशी फिसकन हसली होती. "प्यायचं आणि जायचं कुठं, ते पण सांग की! तुझ्या ह्या नळीत?" पुरुषांना मंडईची मागची भिंत होती. बायका पहाटे घरून निघाल्या की दुपारी माल संपेपर्यंत घोटभर पाणी तोंडात घेत नसत. मावशीचं एक मूत्रपिंड त्यातच गेलं. त्या दिवशी रिपोर्टवर सही करताना ताईच्या डोक्यात जी तिडीक गेली, ती अजून उतरली नव्हती. पक्षाला त्या वॉर्डात बाई उमेदवार हवी होती, दीर पक्षाचा माणूस होता, आणि तिने एका अटीवर होकार दिला होता. ती अट आता टेबलावर पडली होती आणि भाऊजी तिच्यावर पेन आपटत होते.

"ती ओळ गेली तर मी पण गेले," ती म्हणाली. "तुम्ही कारंज्याला उभं करा."

भाऊजींनी तिच्याकडे निरखून पाहिलं. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "बरं, राहू दे पहिल्या नंबरवर. पण नुसतं छापून कोण विश्वास ठेवतं? आपण करूनच दाखवू. परवा सकाळी मंडईत उभं करतो. साहेबांनाही बोलावतो."

"परवा? टाकी, पाइप, पाणी..."

"तयार केबिन मिळते हल्ली. ते सगळं माझ्यावर सोडा. तुम्ही फक्त कात्री धरा."

तिने ते त्यांच्यावर सोडलं.

दुसऱ्या दिवशी ती मंडईभर फिरली. मतं मागायला लोक फिरतात तशी नाही, ओळखीच्या घरी खुशखबर सांगायला जावं तशी. "उद्या पाणी पिऊन या," तिने एकीएकीला सांगितलं. "चहा पण घ्या. उद्यापासून सोय होतेय."

"ताई, फसवत नाहीस ना?" कांदेवाल्या काकूंनी विचारलं. "निवडणूक आली की सगळेच गोड बोलतात."

"मी कधी फसवलंय?"

"तू नाहीस गं," मावशी म्हणाली. लिंबं रचताना तिने वरही पाहिलं नाही. "पण तू आत्ता कुठे त्यांच्यात गेलीयस."

"मावशी, पैज लाव."

"पैज कसली? हे बघ, तुझ्या शब्दावर उद्या बाटलीभर पाणी पिते. एवढा भरवसा मी माझ्या नवऱ्यावर पण ठेवला नव्हता."

सगळ्याजणी खदखदून हसल्या. ताई घरी गेली ती तरंगतच.

केबिन खरंच आली. निळी, चकचकीत, दारावर बाईचं चित्र. ट्रकवरून उतरवून ती मंडईच्या तोंडाशी ठेवली, रिबीन बांधली. समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर भाऊजींनी प्रचार कार्यालयासाठी जागा भाड्याने घेतली होती. साहेब तिथून खाली आले. ताईने कात्री चालवली, साहेबांनी दाराला हात लावला, फोटोवाल्याने दोघांना डावीकडे सरकवलं, उजवीकडे सरकवलं. "हसा, ताई!" ती हसतच होती. साहेब म्हणाले, "हा केवळ एक दरवाजा नाही, हा विश्वास आहे." टाळ्या झाल्या. बायकांनीच जास्त वाजवल्या. मावशीने पाण्याची रिकामी बाटली उंच धरून तिला दाखवली. तळापर्यंत प्यायली होती म्हातारी.

साहेब पत्रकारांना घेऊन वर गेले. ताई दोन-चार जणांशी बोलत राहिली. मागे वळून पाहते तर ट्रकवाला केबिनला दोर आवळत होता.

"अहो, हे काय करताय?"

"न्यायचीय, ताई."

"कुठे?"

"पलीकडच्या वॉर्डात. अकराला तिथे फोटो आहे."

तिला वाटलं, याची काहीतरी गफलत झाली असेल. ती केबिनच्या मागे गेली आणि खाली वाकली. खाली टाकी नव्हती. पाइप नव्हता. आत भांडं होतं आणि भांड्याखाली फळी. प्रदर्शनात मांडतात तसला नमुना. दाराला बाहेरून कुलूप होतं आणि त्याची किल्ली ट्रकवाल्याच्या खिशात.

भाऊजी फोनवर होते. तिने त्यांच्या हातातून फोन काढून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा.

"हे काय आहे?"

"हळू, वहिनी. पत्रकार वर आहेत." त्यांनी आवाज खाली आणला. "नमुना आहे तो. निवडून आलो की बघू ना खरं. आत्ता फोटो महत्त्वाचा. तुमची ती पहिली ओळ राहिली ना छापलेली? मग?"

"त्या पाणी प्यायल्यात."

"काय?"

"त्या बायका. मी सांगितलं म्हणून प्यायल्यात. सकाळपासून."

भाऊजींना कळेना. खरोखरच कळलं नाही, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं, आणि त्याच गोष्टीने तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिला फसवलं, ते एक वेळ तिने गिळलं असतं. पण हा माणूस पाणी प्यायलेल्या बाईकडे बघत होता आणि त्याला त्यात काही दिसत नव्हतं.

केबिन ट्रकवर चढली. मंडईतले हसण्याचे आवाज एकेक करून थांबले. बायकांनी ट्रककडे पाहिलं, मग तिच्याकडे. कांदेवाल्या काकू स्टुलावर गुडघे जुळवून अवघडून बसल्या होत्या. भेंडीवालीच्या कपाळावर घाम होता. मावशी उठून उभी राहिली, एका हाताने तराजूचा खांब धरून, आणि दात आवळून म्हणाली, "ताई, चांगला पाणउतारा केलास गं. या वयात आता भर रस्त्यात साडी भिजवायची बाकी होती."

"मावशी, चल."

"कुठे?"

"माझ्याबरोबर. सगळ्याजणी चला. माल राहू दे."

कार्यालयाच्या जिन्यावरून त्या वर चढल्या तेव्हा खोलीत साहेब खुर्चीत रेलून वॉर्डाचे अग्रक्रम समजावून सांगत होते. ते यादीतल्या कमानीपर्यंत आले होते. दारातून आधी ताई आली, मागे मावशी, मागे काकू, आणि मग आख्खा जिना. त्यांच्या पदराला माती होती, हातांना कांद्याचा वास. पत्रकारांनी वह्या सावरून पाय आखडते घेतले.

"या, या," साहेब उठले. "मंडईतल्या भगिनी! आभार मानायला आल्या वाटतं."

"नाही," ताई म्हणाली. "संडासला आल्यात."

खोलीच्या टोकाला शौचालय होतं. साहेबांचं येणं-जाणं असणार म्हणून भाऊजींनी ते नव्याने घासूनपुसून घेतलं होतं. ताईने दार उघडून मावशीला आत ढकललं आणि स्वतः दाराशी उभी राहिली. आतून कडी लागल्याचा आवाज झाला. बाहेर भिंतीला धरून रांग लागली.

एका पत्रकार मुलीने विचारलं, "पण आत्ता खाली उद्घाटन झालं ना?"

"झालं. ते आता दुसऱ्या वॉर्डात गेलं," काकू म्हणाल्या. "त्याला पाय फुटले."

हसू आवरेना म्हणून त्या मुलीने वहीत तोंड खुपसलं आणि भराभर लिहायला लागली. साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू जागेवरच राहिलं, पण त्याच्या भोवतीचा चेहरा बदलला. सकाळपासून ते चहावर चहा घेत होते. थोड्या वेळाने त्यांनी भाऊजींच्या कानात काहीतरी सांगितलं.

"बायांनो, जरा बाजूला व्हा," भाऊजी पुढे झाले. "साहेबांना जायचंय."

कुणी हललं नाही. सगळ्यांनी ताईकडे पाहिलं.

"जाऊ दे की साहेबांना," ताई म्हणाली. "रांगेतून. त्यांचा नंबर भेंडीवालीच्या मागे."

"वहिनी!"

"त्यांना घाई असेल तर खाली भिंत आहे," रांगेतून कुणीतरी बोललं. "आमच्या मालकांना चालते." मग काही आवरेना. काकू तर भिंतीला टेकून हसल्या आणि लगेच कळवळून म्हणाल्या, "नका गं हसवू, जीव जाईल माझा!"

साहेब जिना उतरून गेले. पत्रकारांतला एकजण मागोमाग धावला, बाकीचे बसून राहिले.

मावशी बाहेर आली. तिने आभार मानले नाहीत. पदराला हात पुसले आणि ताईसमोर उभी राहिली. "आजचं भागलं. उद्या?"

"उद्या सकाळी मी येऊन उघडते. इथली एक किल्ली आहे माझ्याकडे."

"आणि निवडणूक झाली की? ही जागा सोडतीलच ना हे लोक."

कालपर्यंत तिने याचं छापील उत्तर दिलं असतं. "ते मला माहीत नाही, मावशी," ती म्हणाली. "पण महापालिकेत जाऊन बसेन. निवडून आले तर खुर्चीवर. नाही आले तर दारात."

"मी पण येते बसायला," मावशी म्हणाली. "लिंबं तिथं पण विकली जातात." आणि ती खाली गेली.

रांग पुढे सरकत होती. सकाळपासून ताईने स्वतःही मंडईतल्या बायकांबरोबर चहा घेतला होता, पाणी प्यायलं होतं. आता दारावर उभं राहायची गरज नव्हती. ती गेली आणि रांगेच्या शेवटी, भेंडीवालीच्या मागे, उभी राहिली.

भाऊजी जिन्यावरून धापा टाकत वर आले. "साहेब गाडीत बसलेत. म्हणतात, आत्ता खाली या, माफी मागा, नाहीतर पक्षाचा पाठिंबा विसरा. संध्याकाळची सभा, माणसं, पत्रकं, सगळं बंद. वहिनी, ऐका माझं. दोन मिनिटांचं काम आहे."

"ताई, तू जा माझ्या आधी," भेंडीवाली बाजूला होत पुटपुटली. "तुझं महत्त्वाचं आहे."

"नाही, तू हो पुढे."

"वहिनी, गाडी सुरू झालीय!"

गाडीचा आवाज तिलाही ऐकू येत होता. कडी निघाली, काकू बाहेर आल्या, भेंडीवाली आत गेली. आता तिच्यापुढे कुणीच नव्हतं.

"त्यांना सांगा," ती भाऊजींना म्हणाली, "माझा नंबर आलाय."