काळ्या कुईचा निकाल

माणसाच्या पोटात काय चाललंय हे बिनचूक सांगणारं साधन जगात एकच आहे. ते चुलीमागे राहतं, गवत खातं आणि एरवी लग्नकार्यात बटाट्यांसोबत ताटात येतं.

एलिसेओ ग्वामानच्या घरी असे बावीस कुई, म्हणजे गिनिपिग, होते. तरी त्याच्या बायकोला, सोइलाला, त्याला इस्पितळातच न्यायचं होतं. गुडघ्यासाठी तो वर्षभर उपाशीपोटी दुखण्याच्या गोळ्या गिळत होता, वर उसाची दारू. आरोग्यकेंद्रातला डॉक्टर म्हणाला होता, अल्सर दिसतोय. गोळ्या बंद, दारू बंद, गुरुवारी शहरातल्या इस्पितळात दुर्बिणीनं पोटाची तपासणी. बंद काहीच झालं नाही. सोमवारपासून त्याला शौचाला डांबरासारखं काळं व्हायला लागलं. हे त्यानं सोइलाला सांगितलं, तेही हवापाण्याचं बोलावं तसं.

"घशातून नळी घालणार म्हणे. मी काय विहीर आहे? आधी कुई काय म्हणतो ते बघू."

सोइला डझनभर अंडी घेऊन एन्कार्नाआजीकडे गेली. गावातली रोगनिदानं आजीच करायची, कुईचं पोट चिरून.

"आजी, काहीही निघू दे, तू त्याला इस्पितळात जा म्हणून सांग. माझं ऐकायला मी काय गिनिपिग आहे?"

"मी दिसतं तेच सांगते, पोरी."

"चाळीस वर्षं तुला दिसतंय. एकदा माझ्यासाठी दिसू दे."

आजीनं अंडी ठेवून घेतली.

बुधवारी तिनं जिवंत काळा कुई एलिसेओच्या अंगावरून डोक्यापासून पायापर्यंत घासला. पोटापाशी येईतो कुईनं मान टाकली. मग पाण्याच्या परातीत धरून तिनं त्याला उभा चिरला. सोइलानं वाकून पाहिलं. कुईचं पोट गुलाबी, स्वच्छ, एक डाग नाही. आजीनं एकदा सोइलाकडे पाहिलं.

"आत जखम आहे. काळं पडलंय सगळं. उद्याच्या उद्या इस्पितळ गाठ."

एलिसेओनं गंभीरपणे मान हलवली. सोइलाचा जीव भांड्यात पडला.

"म्हणजे उतरली," तो उठून सदरा घालत म्हणाला. "माझ्यातली जखम त्याच्यात उतरली. आता नळी कुणाच्या घशात घालायची, त्याच्या?"

आजीनं बोलायला तोंड उघडलं. पण दुखणं जनावरात उतरतं, हे चाळीस वर्षं गावाला तिनंच सांगितलं होतं. तिनं परात उचलली.

रात्री एलिसेओनं मिरचीच्या ठेच्याशी भाजलेलं डुक्कर खाल्लं. हलकं वाटतंय म्हणाला. गुरुवारी तो बटाट्याच्या शेतात गेला. सोइलानं दोनदा बांधावर जाऊन हाका मारल्या, त्यानं दोन्ही वेळा हात हलवला. शुक्रवारी पहाटे त्याला रक्ताची उलटी झाली, मग दुसरी. शेजाऱ्याच्या गाडीत, मागे पोत्यांवर, इस्पितळाच्या वाटेवरच त्याचा जीव गेला.

मृत्यूच्या दाखल्यावर सही करताना इस्पितळातला डॉक्टर म्हणाला की वेळेत आणलं असतं तर दोन-तीन महिन्यांच्या औषधाचं काम होतं. सोइलानं विचारलं, काल आणलं असतं तर?

काल दुर्बिणीचं यंत्र बंद होतं. आलेल्या अकरा जणांना पुढच्या महिन्याची तारीख देऊन परत पाठवलं होतं.