चाळीस गोळ्यांचे वजन

मूठभर खिळे. तेलाचा डाग पडलेला रुमाल. "हताहत" हा शब्द. शिंपिणीच्या गळ्यातली टेप. घडी घालून घालून जाड झालेला एक कागद.

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे, आणि हे तुकडे माझ्याच आयुष्याचे आहेत. ते नीट जुळत नाहीत, तरी सांगतो.

तीस वर्षे मी एका वखारीत खिळे तोलले. दोन खिळे कमी पडले तरी माझा काटा हलायचा. वखारवाला गिऱ्हाइकाला म्हणायचा, "माझ्यावर विश्वास नसेल तर याच्यावर ठेव." पुढे वखार बंद झाली आणि मी कोपऱ्यात गंजत पडलो. तिथून मला संग्रहालयाच्या मास्तरांनी आणले. ते पूर्वी शाळेत शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणत. त्यांनी मला स्वतःच्या रुमालाने पुसले, तेल दिले. "तुला खोटं बोलता येत नाही, म्हणून आणलं," असे म्हणाले. तेवढ्यावर मी त्यांच्यावर जीव टाकला.

युद्धांच्या दालनात मला टांगले. शिशाची एक गोळी म्हणजे शंभर माणसे. डाव्या पारड्यात तीनशे वर्षांपूर्वीची लढाई, एकशे वीस गोळ्या. उजव्यात चौदा वर्षांपूर्वीची, नव्वद. डावे पारडे खाली गेले. उद्घाटनाचे पाहुणे म्हणाले, "युद्धं आता लहान झाली." टाळ्या पडल्या. ते वाक्य दारावर मोठ्या अक्षरांत लागले.

एक बाप लेकीला सांगत होता, "तेव्हाची माणसं खमकी. आता काय, नुसती बटणं दाबायची."

"बाबा, तुम्हाला तर मिक्सरचं बटणही सापडत नाही."

मीही मनात हसलो. मग एके दिवशी ती शिंपीण आली. तिने दोन्ही पाट्या बोट ठेवून वाचल्या. डावीकडे लिहिले होते "हताहत". उजवीकडे "मृत".

"मास्तर, इकडे मेलेले आणि जखमी एकत्र, आणि तिकडे नुसते मेलेले? एक बाही हाताने मोजायची आणि दुसरी वितीने?"

"जुन्या कागदांत वेगळे आकडे नाहीत, ताई."

"मग नव्यातले जखमीही घाला."

"एकतीस हजार आहेत. पारडं जमिनीला टेकेल."

"टेकू दे की."

मास्तरांनी गोळ्यांच्या डब्याचे झाकण घट्ट लावले. तिनेच आवाज खाली आणला. "बरं, जखमी राहू द्या. बेपत्ता तरी घाला. चार हजार. त्यात माझा धाकटा भाऊ आहे. चौदा वर्षं झाली. तो अजून वाटेत आहे असं समजू का मी?"

चार हजार म्हणजे चाळीस गोळ्या. नव्वद आणि चाळीस किती, ते तुम्हीच करा. मास्तरांनीही केले. त्यांनी एकदा दारावरच्या वाक्याकडे पाहिले.

"मंगळवारी या," ते म्हणाले. "तुमच्यासमोर टाकतो."

मंगळवारी दालन उघडण्याआधी त्यांनी एका कागदाची जाड घडी केली आणि माझ्या दांडीच्या खाचेत ठोकून बसवली. मला वाटले, तेल द्यायची तयारी असेल. इतका मी भोळा.

ती आली. त्यांनी चाळीस गोळ्या एकेक करून उजव्या पारड्यात सोडल्या. मी जिवाच्या आकांताने ओढ घेतली. काटा तसूभरही हलला नाही.

"म्हणजे त्यांना वजनच नाही?" तिने विचारले.

"तराजू जुना झालाय, ताई. जाम झालाय. त्याचा काही भरवसा नाही."

ती बघत राहिली. मास्तरांकडे नाही, माझ्याकडे. मग गळ्यातली टेप गुंडाळत निघून गेली. चाळीस गोळ्या मास्तरांनी पुन्हा डब्यात भरल्या. घडी मात्र अजून खाचेत आहे.

मित्रांनो, तराजूला गंजू देऊ नका, हे तर मी सांगणारच. पण एखादे पारडे खाली दिसले की लगेच मान डोलावू नका. आधी दोन्ही पाट्यांवरचे शब्द वाचा. मग दांडीच्या खाचेत बोट घालून बघा.

लढाईवर जायला घरून निघण्याच्या आदल्या दिवशी शिंपिणीच्या भावाने परत आल्यावर घालायची नवी पँट तिच्याकडे एक इंच आखूड करायला दिली होती.