पूर्ण मिनिट

“घड्याळाचा काटा पूर्ण फिरू दे गं. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करशील, तर फसशील. ही पोरं श्वासही लहरीने घेतात. आणि तापाची वाट बघू नकोस. दूध सोडलं की समज.”

मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या, त्याला सहा वर्षं झाली. तरी नवजात कक्षात शिरताना धाकट्या सिस्टरच्या कानात हाच आवाज असायचा. प्रत्येक बाळासमोर पूर्ण मिनिट उभं राहायचं, हा तिचा नेम. सकाळची प्रार्थना एखादे दिवशी राहिली असेल, नेम कधी चुकला नव्हता.

मंगळवारी चुकला. बरोबरीच्या दोघी आजारी, अकरा बाळं एकटीच्या गळ्यात. चौथ्या खाटेवरचं बाळ पाच दिवसांचं. त्याची आई करोनाने वरच्या मजल्यावर, ऑक्सिजनवर. बाळाच्या तपासणीत मात्र काही निघालं नव्हतं. धाकटीने अर्ध्या मिनिटात अठ्ठावीस श्वास मोजले, छप्पन्न लिहिले. साठच्या आत म्हणजे ठीक. ती पुढे सरकली.

दुपारी वरून बाळाच्या आईचा फोन आला. “आमचे साहेब उठले का, सिस्टर?”

“कुठले उठताहेत! मी दोनदा दूध पाजायला गेले, तर तोंड फिरवून झोपले.”

“बापावर गेलाय. तो घरी कोंडलाय, पण घोरत असेल बघा मजेत.” हसता हसता आईला खोकल्याची उबळ आली. धाकटीही हसली.

संध्याकाळी साहेबांचे ओठ निळसर पडले. श्वासागणिक बरगड्यांखाली खड्डा पडत होता. आता तिने पूर्ण मिनिट मोजलं. ब्याऐंशी.

दुसऱ्या तपासणीत करोना निघाला. साहेबांना वेगळ्या खोलीत हलवलं. आधी ऑक्सिजन, मग नाकातून दाबाने हवा, मग घशात नळी. इतक्या लहान जिवाला देण्यासारखं हुकमी औषध नव्हतं. श्वासाला टेकू द्यायचा आणि वाट बघायची.

शुक्रवारी सकाळी डॉक्टरांनी मशीनवरचे आकडे पाहिले आणि मान हलवली. “आपल्या हातातलं संपलं, सिस्टर.”

“मंगळवारी मी अर्धंच मिनिट मोजलं होतं.”

डॉक्टर मशीनकडून तिच्याकडे वळले. “तेव्हा कळलं असतं तर वाचला असता का, मला नाही सांगता येणार.”

ते खोटं बोलले असते तरी चाललं असतं, असं तिला वाटलं.

बुधवारी आईने फोनवर तिच्याकडून शब्द घेतला होता. “बोलवायचं तर तो असताना बोलवा. नंतर येऊन मी काय करू?”

ती खाटेपाशी उभी राहिली. काटा पूर्ण फिरू दिला. चाळीस. सगळे मशीनचे, एकसारखे. एकही लहरीने घेतलेला नाही.

“आईला खाली आणते,” ती म्हणाली.

“तिची स्वतःची अवस्था बघितलीत का?”

“बघितली.”

डॉक्टरांनी दारातून बाजूला होऊन वाट दिली. तिने कोपऱ्यातली चाकांची खुर्ची ओढली, लहान सिलिंडर भरलेला आहे ना ते पाहून मागे अडकवला, आणि लिफ्टकडे निघाली.