आयोनाबाईंच्या दहा बोटांचा परवाना

मित्रांनो, माझ्या एका कोपऱ्याला भोक आहे. ते बघून मला कुणी टाकाऊ समजू नका, ते माझं पदक आहे. मी एक जुना परवाना आहे. पत्त्यांच्या पानाहून जरा लहान, कडा झिजलेला, आणि फोटोतली बाई अशी दचकलेली की तिला नुकतीच कुणी हाक मारली असावी.

अमेरिकेतल्या आमच्या लाल मातीच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, कपड्यांखाली पिस्तूल बाळगायचं असेल, तर शेरीफच्या, म्हणजे इथल्या पोलीसप्रमुखाच्या, ऑफिसातून परवाना काढावा लागतो. आधी दिवसभराचा वर्ग, मग नेमबाजीची परीक्षा, मग दहाही बोटांचे ठसे, मग तीन महिने वाट बघणं. एवढं सगळं झालं की माझ्यासारखा एखादा यंत्रातून गरम गरम बाहेर पडतो. आमचं आयुष्य पाच वर्षांचं. शेवटचा दिवस जन्मतःच कपाळावर छापलेला असतो. माझ्या कपाळावर होता सोमवार, वीस ऑक्टोबर.

फोटोतली बाई म्हणजे आयोना प्रिडी. चौतीस वर्षं त्या चाकावर मातीची भांडी घडवत आल्या आहेत. सुरया, लोणच्याच्या बरण्या आणि सगळ्यात जास्त कॉफीचे मग. मगाला कान लावला की तो जिथे संपतो तिथे त्या उजवा अंगठा हलकेच दाबतात. तीच त्यांची सही. दुसरी कुठलीही खूण त्या कधी करत नाहीत.

मी जन्मलो त्याच्या आदल्या वर्षी एक वाईट गोष्ट घडली होती. जत्रेहून एकट्या परतताना जंगलातल्या रस्त्यावर दोन माणसांनी त्यांची गाडी अडवली. उरलेल्या भांड्यांची खोकी एकेक करून रस्त्यावर फोडली, किल्ली झाडीत भिरकावली आणि हसत निघून गेले. बाईंना काही इजा झाली नाही. पण त्यानंतर वर्षभर त्या एकाही जत्रेला गेल्या नाहीत. दारावर कुणी टकटक केली तरी चाक थांबायचं. शेवटी त्यांनीच एक दिवस ठरवलं, वर्गात नाव घातलं, आणि मी त्यांच्या पाकिटात आलो.

मित्रांनो, पिस्तूल ही मिरवायची वस्तू नाही. घरी असलं की ते लोखंडी पेटीत, आणि पेटीची किल्ली बाईंच्या गळ्यात. पाच वर्षांत सरावाच्या मैदानाबाहेर त्यातून एकही गोळी सुटली नाही. मलाही एकदाच बाहेर यावं लागलं. गाडीचा मागचा दिवा गेला होता म्हणून एका पोलिसाने थांबवलं, तेव्हा. बाईंनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि त्याने काही विचारायच्या आत सांगून टाकलं की आपल्याकडे परवाना आहे आणि पिस्तूलही आहे. त्याने मला उलटसुलट बघितलं, परत दिलं आणि म्हणाला, "सगळ्यांनी असं आधी सांगितलं असतं ना बाई, तर माझ्या बायकोला नीट झोप लागली असती." मग त्याने एक लोणच्याची बरणी घेतली. माझी सगळी नोकरी ती एवढीच. पण माझ्या जोरावर बाई चार काउंट्यांतल्या जत्रा पुन्हा करू लागल्या, जाताना गाणी म्हणू लागल्या, आणि याचा मला फार अभिमान वाटायचा.

यंदा ऑगस्टमध्ये त्यांनी नूतनीकरणाचा अर्ज केला. शेरीफच्या ऑफिसात नोरीन नावाच्या कारकून बाई आहेत. कडक इस्त्रीच्या, साखळीला लटकवलेल्या चष्म्याच्या. गेल्या वेळी शाईने घेतलेले ठसे चालून गेले होते. आता त्यांनी नवं यंत्र दाखवलं आणि काचेवर बोटं ठेवायला सांगितली. यंत्राने दहाच्या दहा वेळा लाल दिवा लावला.

बाईंच्या बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. चौतीस वर्षांच्या ओल्या मातीने त्या पुसून नेल्या होत्या.

नोरीनबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, बोटं उजेडात धरून बघितली. मग टेबलावरचा स्वतःचा कॉफीचा मग फिरवला. कानाखाली अंगठ्याचा ठसा होता, वीस वर्षांपूर्वीचा, एकेक रेष मोजून घ्यावी असा.

"हा बघा तुमचा अंगठा, माझ्या टेबलावर वीस वर्षं आहे," त्या म्हणाल्या. "पण यंत्राला मग चालत नाही."

त्यांनी पुढची तारीख दिली. नियमही समजावला. माझा शेवटचा दिवस उलटायच्या आत नवा परवाना तयार झाला नाही, तर सगळं पहिल्यापासून करायचं: वर्ग, परीक्षा, तीन महिने. म्हणजे पानगळीतल्या सगळ्या जत्रा गेल्या. परवान्याशिवाय पिस्तूल पेटीबाहेर काढणाऱ्यांतल्या आयोनाबाई नव्हत्या.

आता एक गंमत ऐका. पुढच्या तारखेला ऑफिसात जायचं म्हणून बाईंनी सकाळी हात स्वच्छ केले. साबणाने मातीचा लालसरपणा जाईना. मग त्यांनी घेतला घोटायचा दगड, ज्याने भांड्याचा खरबरीत तळ गुळगुळीत करतात तो, आणि दहाही बोटं भांड्याच्या तळासारखी मन लावून घासली. हे फक्त कुंभारणीलाच सुचू शकतं! बोटं अशी लख्ख आणि सपाट झाली की यंत्राने लाल दिवा लावायचीसुद्धा तसदी घेतली नाही. त्याला वाटलं, काचेवर कुणी हातच ठेवलेला नाही.

नोरीनबाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, शेवटची तारीख सव्वीस सप्टेंबर. त्यानंतर ठसे उमटले तरी पुढची चौकशी वेळेत पुरी व्हायची नाही. तोवर सोळा दिवस मातीला हात लावायचा नाही, तरच रेषा परत येतील. दगडाला तर नाहीच.

सोळा दिवस! ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी बाईंची भट्टी उघडायची असते, म्हणजे भाजलेली भांडी बाहेर काढून तिथेच विकायची. वर्षातून एकदा. आसपासची माणसं पहाटेपासून रांग लावतात. आणि भट्टी तर अजून अर्धी रिकामी होती. अर्ध्या भट्टीत आग नीट फिरत नाही, सगळाच माल बिघडतो. म्हणजे परवाना हवा तर भट्टी जाणार, आणि भट्टी हवी तर परवाना.

बाईंची नणंद मॅबलीन गाईंच्या गोठ्यावरून धावत आली. बाईंनी तेव्हाच मला पाकिटातून काढून चाकासमोरच्या फळीवर उभं केलं होतं, तारीख डोळ्यांसमोर राहावी म्हणून. त्यामुळे पुढचं सगळं मी स्वतः पाहिलेलं आहे.

"राहू दे वहिनी तो परवाना," मॅबलीन म्हणाली. "भट्टी महत्त्वाची."

आयोनाबाईंनी फळीवर माझ्याकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "मला परत दार लावून बसायचं नाहीये, मॅबलीन."

मॅबलीनने पिशवीतून एक हिरवा डबा काढला. गाईंच्या सडांना भेगा पडल्या की लावायचं मलम होतं ते. आणि एक पांढऱ्या सुती हातमोज्यांची जोडी, चर्चमध्ये हातघंटा वाजवणारे घालतात तशी. तिने वहिनीच्या एकेका बोटाला मलम चोळलं, वर हातमोजे चढवले आणि सांगितलं, "आमच्या गाईंनी आजवर तक्रार केलेली नाही."

राहिला प्रश्न भट्टीचा. तो सोडवला रस्त्यापलीकडच्या हॉलिस बँक्स्टनने. हा एकाहत्तर वर्षांचा कुंभार. आयोनाबाईंच्या मगांचे कान जाड असतात, असं तो तीस वर्षं येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत आलेला. तो दारात उभा राहिला तेव्हा मला वाटलं, हा हसायला आला असणार. हसलाही. म्हणाला, "अगं, जिच्या बोटांचे ठसेच उमटत नाहीत तिला परवाना कशाला लागतो? तू काहीही केलंस तरी सापडणार नाहीस." आणि बाह्या दुमडून सरळ चाकावर बसला.

मित्रांनो, ते दिवस आठवले की मला अजून हसू येतं. हॉलिस चाक फिरवतोय आणि आयोनाबाई पांढरे हातमोजे घालून स्टुलावर, एखाद्या महाराणीसारख्या. कान जाड करा, म्हणायच्या. जाडच आहे, तो म्हणायचा. अजून, त्या म्हणायच्या. पहिल्या दिवशी त्याने दोनदा टोपी जमिनीवर आपटली. दुपारी मॅबलीन गरम बिस्किटं, म्हणजे आमच्याकडचे मऊ छोटे पाव, आणि त्यावर ओतायचा पांढरा रस्सा घेऊन यायची, तेवढा वेळ शांतता असायची. पाचव्या दिवशी कॉफी पिता पिता हॉलिसने हातातला बाईंचा मग वर खाली करून पाहिला.

"या कानाने धरलं की मनगट दुखत नाही," तो म्हणाला. "तीस वर्षं हे मला कुणी सांगितलं का नाही?"

"मी सांगत होते की हॉलिसदादा. तुम्ही ऐकत कुठे होतात?"

पण सगळेच दिवस असे गेले नाहीत. अकराव्या दिवशी हॉलिस घरी गेला होता. बाई एकट्याच चाकाशी आल्या. मातीचा गोळा ओल्या फडक्याखाली तयार होता. त्यांनी उजवा हातमोजा काढला. हात मातीवर नेला, अगदी बोटभर अंतरावर. चौतीस वर्षांत त्या इतके दिवस मातीवाचून राहिल्या नव्हत्या. मला ओरडता येत असतं तर मी ओरडलो असतो. मला फक्त उभं राहता येत होतं, म्हणून मी होतो तसा ताठ उभा राहिलो. बाईंनी मान वर केली, माझ्या कपाळावरची तारीख वाचली आणि हातमोजा पुन्हा चढवला.

सव्वीस तारखेच्या आदल्या दिवशी बासष्टावा, शेवटचा मग तयार झाला. अंगठ्याची खूण मात्र एकाही मगावर नव्हती. मॅबलीन म्हणाली, यंदा चालवून घेतील लोक. हॉलिसने मान हलवली. सगळे मग त्याने ओल्या फडक्यांत गुंडाळले, सुकू नयेत म्हणून, आणि म्हणाला, उद्यापर्यंत थांबतील ते.

दुसऱ्या दिवशी मी पाकिटात होतो, पण पाकीट नोरीनबाईंच्या टेबलावर उघडं होतं. हातमोजे उतरले. पहिलं बोट, हिरवा दिवा. दुसरं, हिरवा. नऊ बोटांना नऊ हिरवे दिवे लागले. उरला उजवा अंगठा.

लाल.

पुन्हा ठेवला. लाल. यंत्र तीनच संधी देतं. बाईंचा चेहरा माझ्यावरच्या फोटोतल्यासारखा झाला. नोरीनबाईंनी काच पुसली आणि टेबलाला वळसा घालून त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्ही दाबताय," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्हाला मातीवर दाबायची सवय ना, त्याने रेषा पसरतात. दाबू नका. नुसता टेकवा, बाळाच्या गालावर बोट ठेवतो तसा."

आयोनाबाईंनी श्वास सोडला आणि अंगठा टेकवला.

हिरवा!

नोरीनबाई सरकारी आवाजात म्हणाल्या, "नोंद झाली." पण चष्मा काढून त्यांनी तो दोनदा पुसला.

घरी आल्यावर बाईंनी कोटसुद्धा काढला नाही. हॉलिसने फडकी सोडली आणि त्यांनी बासष्ट मगांवर, एकामागून एक, अंगठा ठेवला. ठसा असा उमटला की हॉलिस पुढे वाकून बघतच राहिला. गेल्या वीस वर्षांत इतका स्वच्छ ठसा त्यांच्या कुठल्याच भांड्यावर नव्हता.

भट्टी गळ्यापर्यंत भरली. आग सगळीकडे सारखी फिरली. आगीत टाकलेल्या मिठाची झिलई भांड्यांवर मधासारखी उतरली. अठरा तारखेला, शनिवारी, रांग रस्त्याच्या वळणापर्यंत गेली होती, आणि त्या रांगेत नोरीनबाईही होत्या. त्यांची पाळी आली तेव्हा आयोनाबाईंनी हातातला मग खाली ठेवला. माझ्याजवळ दोनच दिवस उरले होते.

नोरीनबाईंनी एक मग निवडला, कान धरून बघितला आणि म्हणाल्या, "तुमचं कार्ड काल छापून आलंय. आज देता येणार नाही, ते ऑफिसातच मिळतं. सोमवारी आठला उघडतो आम्ही. आज मी फक्त मग घ्यायला आलेय."

रांगेत टाळ्यांना सुरुवात कुणी केली ते कळलं नाही. हॉलिस अजूनही म्हणतो, मी नव्हे.

सोमवारी, माझ्या शेवटच्या दिवशी, सकाळी आठ वाजता माझा धाकटा भाऊ माझ्या जागी आला. त्याच्यावरच्या फोटोतली बाई दचकलेली नाही, चक्क हसते आहे. नियमाप्रमाणे नोरीनबाईंनी माझ्या कोपऱ्याला भोक पाडलं. दुखलं नाही. मला एखाद्या शिपायाच्या छातीवर पदक टोचतात तसं वाटलं.

पुढच्या शनिवारी आयोनाबाई एकट्या जत्रेला गेल्या. परतल्या त्याच जंगलातल्या रस्त्याने. हॉलिस आणि मॅबलीन ओसरीवर बसून वळणाकडे बघत होते. आधी ऐकू आलं ते गाणं, मग हॉर्न, एकदा नव्हे, तीनदा. गाडीत फक्त रिकामी खोकी होती.

आता मी त्या बासष्टांतल्या पहिल्या मगात राहतो. तो बाईंनी विकला नाही. तो चाकासमोरच्या फळीवर असतो.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या कागदांवरच्या तारखा वेळेवर वाचत जा, एवढं तर मी सांगणारच. पण त्याआधी एक करा. आज तुमच्या आईची, आजीची, बाबांची बोटं हातात घेऊन उजेडात बघा. टोकांवरच्या रेषा पुसट झाल्या असतील, तर त्या कुठे गेल्या ते घरभर शोधा. सापडतील. मग थोडं मलम आणा, आणि एकेका बोटाला लावा. दाबू नका. नुसतं टेकवा.